आडात आलं तर पोहऱ्यात येणार

एप्रिलचा दुसरा आठवडा म्हणजे नागपुरात कूलर काढायचे दिवस. मागच्या अंगणातून तो पत्र्याचा खोका ओढत खिडकीशी आणायचा, जुन्या ताट्या उपसून फेकायच्या, नव्या बसवायच्या, पंख्याला तेल द्यायचं. यंदा सगळं झालं, बटण दाबलं, पंप घुरघुरला, पण ताट्या कोरड्याच. पंप जळला असं धरून मी नव्याचे पैसेही काढून ठेवले. कूलरवाल्या भाऊंनी टाकीत हात घातला आणि हसले. "पंपाले काही नाही झालं मॅडम. टाकीत पानीच नाही. पानी येईन तवाच फेकन ना तो!" तळाचं बूच सैल झालं होतं आणि सगळं पाणी गुपचूप अंगणात निघून गेलं होतं.

मी एकतीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. 'हृदय हा एक पंप आहे' हे वाक्य किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल, देव जाणे. वाक्य खरं आहे. पण ते ऐकलं की मुलं, त्यांचे आईवडील आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा, फक्त ढकलण्याचा विचार करतो. हृदय किती जोरात ठोकतं, किती दमतं, कधी बंद पडेल, वगैरे. पंपाकडे रक्त परत येतं कसं, हे विचारायचं कुणाच्या मनातच येत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण रक्ताभिसरण समजून घ्यायला पुस्तकातल्या निळ्या-लाल आकृतीपेक्षा जास्त कामाची आहे, असं माझं आता मत झालंय.

आधी नळाचं पाणी घेऊ. पेंचचं पाणी गोरेवाड्याला येतं, शुद्ध होतं, उंच टाक्यांत चढतं, घरोघरी पोचतं, वापरलं जातं आणि सांडपाणी होऊन नाग नदीच्या वाटेला लागतं. आलं, वापरलं, गेलं. उद्या पुन्हा नवं. युरोपातले वैद्य रक्ताबद्दल सुमारे चौदाशे वर्षं असंच समजत होते. दुसऱ्या शतकातल्या गॅलन या ग्रीक वैद्याचं म्हणणं होतं की खाल्लेल्या अन्नापासून यकृतात रक्त तयार होतं, शिरांमधून अवयवांकडे जातं आणि तिथेच खपतं. म्हणजे थोडक्यात नळयोजना.

१६२८ साली विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरनं ही समजूत मोडली. त्यानं बरीच जनावरं चिरून पाहिली होती, पण त्याचं सगळ्यात धारदार हत्यार होतं गुणाकार. आज माहीत असलेले आकडे घेऊन तो आपणही करू शकतो. एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर झाले ५ लिटर. तासाला ३०० लिटर. दिवसाला ७,२०० लिटर, म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी सात वेळा भरून वर उरेल एवढं. रोज इतकं रक्त नवं करायचं तर माणसानं जेवावं तरी किती! हार्वेनं स्वतःच्या हिशोबात आकडे मुद्दाम फार कमी धरले होते, तरीही अंगात मुळात आहे त्याहून जास्त रक्त अर्ध्या तासात हृदयातून जातं असंच उत्तर आलं. मग ते कुठून येतं? एकच शक्यता उरते. जे गेलं तेच परत येतं.

प्रौढ माणसाच्या अंगात रक्त असतं सुमारे ५ लिटर. म्हणजे तुम्ही हे वाचत निवांत बसला असताना जवळजवळ सगळं रक्त दर मिनिटाला हृदयातून एक फेरा मारून येतं. नळयोजना मोडीत, कूलर खरा. टाकीतलं पाणी पंप वर चढवतो, ते ताट्यांवरून झिरपतं, खाली टाकीत पडतं, पुन्हा वर चढतं. हे मी शेजारच्या नववीतल्या मुलाला सांगत होते तर तो म्हणाला, "तेच पानी फिरते तं मंग टाकी रोज काहून भरा लागते?" एकतीस वर्षांत इतका नेमका प्रश्न मला वर्गात क्वचितच कुणी विचारला. ताट्यांवरून थोडं पाणी वाफ होऊन उडतं, म्हणून. अंगातही तसंच होतं आणि मे महिन्यात ते फार महागात पडू शकतं. तिकडे येतेच.

*

आकृती काढून हृदय समजत नाही हे मला उशिरा कळलं. मग मी दर वर्षी बोकडाचं हृदय आणायला लागले. मटणवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं की चिरू नका आणि वरची नळी दोन बोटं राहू द्या. पहिल्या वेळी तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी काही उतारा वगैरे करणार आहे.

आपलं हृदय आपल्या मुठीएवढं असतं, वजन साधारण २५० ते ३५० ग्रॅम. बोकडाचं त्याहून लहान, एखाद्या छोट्या संत्र्याएवढं. हातात घेतल्यावर पहिली जाणवते ती त्याची एकतर्फी घट्टाई. एका बाजूला बोट दाबलं तर ती रिकाम्या पिशवीसारखी आत जाते. दुसरी बाजू टणक, दाबायला जोर लागतो. मऊ ती उजवी, टणक ती डावी. (आकृतीत डावी बाजू कागदाच्या उजवीकडे असते, कारण चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो. यावरून दर वर्षी किमान दहा मुलांचे गुण जायचे.)

आडवं कापलं की कारण डोळ्यांसमोर येतं. आत खाली दोन कप्पे आहेत, त्यांना जवनिका म्हणतात. नव्या पुस्तकांत निलय. उजव्या जवनिकेची भिंत पातळ आणि डावीची तिच्या तिप्पट जाड. उजवीला रक्त पाठवायचं असतं शेजारच्या फुप्फुसांत, चार पावलांवर. डावीला तेच रक्त डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचं असतं. जवनिकांच्या वर पातळ भिंतीचे दोन कप्पे असतात, कर्णिका किंवा अलिंद. आलेलं रक्त त्या क्षणभर धरून ठेवतात आणि खाली सोडतात. अंगभर फिरून आलेलं रक्त उजव्या कर्णिकेत, तिथून उजव्या जवनिकेत, तिथून फुप्फुसात. फुप्फुसात कार्बन डायऑक्साइड सोडून, प्राणवायू घेऊन ते डाव्या कर्णिकेत येतं, मग डाव्या जवनिकेत आणि महारोहिणी या सगळ्यात मोठ्या नळीतून अंगभर. म्हणजे एका हृदयात दोन पंप आहेत, एकमेकांना भिंत लावून, एकापाठोपाठ एक.

दोन्ही पंपांची ताकद वेगळी, पण रक्त मात्र दोघांनी सारखंच फेकायचं. समजा उजवीनं फेकलेल्यापैकी एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली रक्त, डावीला दर ठोक्याला पुढे ढकलता आलं नाही. मिनिटाला ३६० मिली रक्त फुप्फुसांत अडकेल. हे असंच चालू राहिलं तर काही मिनिटांत माणूस गुदमरेल. प्रत्यक्षात हृदय इतकी मोठी तफावत सहज होऊ देत नाही, पण डावी बाजू कमजोर झालेल्या माणसाला आडवं पडलं की धाप का लागते, उशाला दोन-तीन उशा का घ्याव्या लागतात, ते यातून कळतं. दुखणं हृदयाचं, पण पाणी साठतं फुप्फुसांत. वाट पुढे तुंबली की मागे साठणारच.

जवनिकेच्या आत बोट घातलं की पांढरे दोरे लागतात, शिवणाच्या दोऱ्याइतके बारीक आणि ओढले तरी तुटत नाहीत असे. वादळात छत्री उलटी होऊ नये म्हणून आतून तिच्या कडा दोऱ्यांनी बांधून ठेवाव्यात, तसं त्यांचं काम. कर्णिका आणि जवनिका यांच्यामधली झडप जवनिका आवळली की मागे उलटू नये म्हणून हे दोरे ती धरून ठेवतात. ही झडप बंद होते तेव्हा 'लब', आणि जवनिकेतून बाहेर जाणाऱ्या नळीची झडप बंद होते तेव्हा 'डब'. डॉक्टर छातीवर नळी लावून ऐकतात ते स्नायूचं धडधडणं नसतं. दारं लागल्याचे ते आवाज असतात. दार नीट लागत नसेल तर मधे फुसफुस ऐकू येते.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. महारोहिणीचं तोंड वर करून हृदय नळाखाली धरायचं आणि हळूच पाणी सोडायचं. तळाशी तीन पातळ खिसे असतात. त्यांत पाणी भरताच ते फुगून एकमेकांना चिकटतात आणि पाणी नळीत उभं राहतं. खाली एक थेंब जात नाही. ना स्प्रिंग, ना मोटर. परत येऊ पाहणारं पाणी स्वतःच दार लावून घेतं. मुलं टाळ्या वाजवायची. पण थोडा वेळ बघत राहिलं की पाण्याची पातळी हळूहळू उतरायला लागते. झडप गळते का? नाही. झडपेच्या अगदी वर, नळीच्या भिंतीत, उदबत्तीची काडी जाईल एवढी दोन भोकं असतात. पाणी तिथून जातं. या भोकांतून निघणाऱ्या नळ्या बाहेरून हृदयाला वेढतात आणि त्याच्याच स्नायूला रक्त पुरवतात. महारोहिणीच्या सगळ्यात पहिल्या शाखा याच. डॉक्टर 'ब्लॉकेज' म्हणतात तेव्हा ते बहुतेक वेळा यांच्याबद्दल बोलत असतात.

आणि इथे पुन्हा ते परत येणं आणि भरणं आलंच. हृदयाचा डावा स्नायू आवळतो तेव्हा तो आतल्या स्वतःच्याच रक्तवाहिन्याही पिळतो. त्यामुळे त्याला स्वतःला रक्त मिळतं ते मुख्यतः सैल सोडल्यावर. ७२ ठोक्यांच्या चालीत एक ठोका ०.८ सेकंदांचा. त्यातले साधारण ०.३ सेकंद आवळण्याचे आणि ०.५ सेकंद सैल पडण्याचे. लोक कौतुकानं म्हणतात की हृदय आयुष्यभर विश्रांती घेत नाही. वेळेच्या हिशोबानं बघाल तर ते निम्म्याहून जास्त वेळ सैलच असतं. तेवढ्यात ते भरूनही घेतं आणि खाऊनही घेतं.

त्या बोकडाच्या हृदयाचं पुढे काय व्हायचं असं मुलं विचारायची. कॉलेजातलं प्रयोगशाळेतच संपायचं. घरी केलेलं मात्र सावजी मसाल्यात परतलं जायचं.

*

ठोका द्यायला सांगतं कोण? मेंदू नव्हे, हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं. उजव्या कर्णिकेच्या वरच्या कोपऱ्यात पेशींचा एक छोटा पुंजका आहे, तो आपणहून ठराविक वेळानं विजेची बारीक लहर सोडतो. लहर आधी कर्णिकांत पसरते, मधल्या एका नाक्यावर सेकंदाचा साधारण दहावा भाग थबकते आणि मग जवनिकांत उतरते. ते थबकणं महत्त्वाचं. कर्णिकांनी पूर्ण रिकामं होऊन खालचे कप्पे भरेपर्यंतची ती उसंत आहे. मेंदूकडून येणाऱ्या नसा फक्त वेग कमी-जास्त करतात. शस्त्रक्रिया करून दुसऱ्याचं हृदय बसवलं तर त्याला या नसा जोडलेल्या नसतात, तरी ते ठोके देतं, उलट बसल्याजागीही नेहमीपेक्षा जलद, मिनिटाला शंभरच्या आसपास. म्हणजे एरवी मेंदू आपल्या हृदयाला बहुतेक वेळ 'हळू, हळू' असंच सांगत असतो.

महारोहिणीतून निघालेलं रक्त फांद्यांत, उपफांद्यांत शिरत शेवटी केशवाहिन्यांत पोचतं. केसांवरून नाव पडलं, पण केस त्यांच्यापुढे दोरखंड म्हणावा इतका जाड. त्यांची भिंत एका पेशीच्या जाडीची आणि आतली जागा इतकी अरुंद की तांबड्या पेशींना एकामागे एक, कधी अंग चोरून, जावं लागतं. इतवारीच्या गल्लीत समोरून हातगाडी आली की स्कूटर जशा एका रांगेत सरकतात तशा. इथे एक गंमत आहे. नळीचं तोंड चिमटलं की पाणी जोरात उडतं, मग इतक्या बारीक नळ्यांत रक्त पळायला हवं. पण एक वाट अब्जावधी गल्ल्यांत विभागली आहे आणि त्या सगळ्यांची मिळून रुंदी मूळ रस्त्याच्या शेकडो पट आहे. म्हणून रक्त इथे सेकंदाला मिलिमीटरभरसुद्धा सरकत नाही. बरंच आहे. सगळी देवाणघेवाण इथेच होते. प्राणवायू, साखर, मीठ, पाणी भिंतीतून बाहेर, कचरा आत. बाकीच्या सगळ्या वाहिन्या म्हणजे इथवर यायचे आणि इथून जायचे रस्ते.

हार्वेला हृदयाकडून रक्त नेणाऱ्या रोहिण्या दिसल्या होत्या, परत आणणाऱ्या शिरा दिसल्या होत्या, पण दोन्हींना जोडणारं काही दिसलं नव्हतं. असायलाच हवं, एवढंच तो सांगू शकला. तो १६५७ साली वारला आणि चारच वर्षांनी इटलीत माल्पिघी या डॉक्टरला सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या दिसल्या.

विदर्भात राहून या अरुंद गल्ल्यांबद्दल बोलायचं आणि सिकलसेलचं नाव घ्यायचं नाही, हे जमणार नाही. माझ्या वर्गात दर दोन-तीन वर्षांनी असा एखादा मुलगा किंवा मुलगी असायची, जी पावसाळ्यात किंवा थंडीत अचानक आठवडाभर गायब व्हायची. हातपाय दुखतात, एवढीच चिठ्ठी. शिक्षकांच्या खोलीत 'बहाणे' हा शब्द मीही ऐकलाय आणि गप्प बसलेय. या आजारात तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनमध्ये जन्मतः एक बारीकसा फरक असतो. प्राणवायू सोडल्यावर ते हिमोग्लोबिन आत एकमेकाला चिकटून ताठ होतं आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी, कडक होते. अंग चोरून जाणं तिला जमत नाही. गल्लीच्या तोंडाशी अडकते, मागे रांग लागते, पुढचा भाग उपाशी राहतो. ते दुखणं म्हणजे हाडाला, स्नायूला रक्त न मिळाल्याचा आकांत. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही त्यापेक्षा खूपच कमी. म्हणून रक्त कायम कमी. पाणी कमी पडणं, थंडी, ताप यांनी त्रास उसळतो. आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडूनही हा दोष आला तरच आजार होतो. एकाकडून आला तर माणूस वाहक, एरवी धडधाकट. दोन वाहकांच्या संसारात प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता आजाराची. साध्या रक्ततपासणीत हे कळतं. आमच्याकडे लग्न जुळवताना पत्रिका बघतात, त्यासोबत हा एक कागदही बघितला तर काय बिघडतं?

*

आता परतीचा रस्ता, ज्यासाठी हा सगळा खटाटोप.

केशवाहिन्यांतून बाहेर पडेपर्यंत रक्ताचा जोर संपलेला असतो. महारोहिणीत निघताना जो दाब १२० होता, तो पायाच्या बारीक शिरांत येईतो नावापुरता उरतो. आणि तिथून हृदय चार फूट वर. चढवतं कोण? हृदय मागून थोडं ढकलतं, पण खरं काम पोटरीचं. पावलागणिक पोटरीचा स्नायू आवळतो आणि आतल्या शिरा पिळतो. शिरांत जागोजागी खिशांसारख्या झडपा असतात, नळाखाली पाहिल्या तशाच पण लहान. त्या रक्त वरच जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. श्वास आत घेतानाही छातीत ओढ निर्माण होते आणि रक्त वर खेचलं जातं.

पटत नसेल तर हात खाली सोडून मिनिटभर थांबा. उन्हाळ्यात हातावरच्या शिरा अशाही टरटरून दिसतात. एखादी सरळ शीर निवडा. मनगटाकडच्या टोकाला एक बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटानं त्या शिरेतलं रक्त कोपराच्या दिशेनं पुसत न्या, मधे एखादी बारीक गाठ लागेल तिच्या पुढेपर्यंत. आता हे दुसरं बोट उचला. गाठीच्या अलीकडचा भाग सपाटच राहतो. रक्त मागे येत नाही. मनगटावरचं बोट उचला, खालून शीर झर्रकन भरते. ती गाठ म्हणजे झडप. चारशे वर्षांपूर्वी हार्वेनं हेच करून दाखवलं होतं.

फळ्यासमोर उभं राहून माझ्या पायांच्या झडपा मात्र ढिल्या झाल्या. संध्याकाळी घोट्यावर मोज्याची खूण उमटते आणि मांडीपर्यंत निळ्या गुंडाळ्या दिसतात. (निळ्या दिसतात, पण रक्त निळं नसतं. शिरांतलं रक्त गडद लाल असतं, कातडीतून ते तसं दिसतं.) वाहतूक पोलीस, न्हावी, दिवसभर ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बायका, सगळ्यांची हीच तक्रार. उभं राहणं पायांना जड जातं, चालणं नाही, कारण चालताना पोटरीचा पंप सुरू असतो. आता मी रांगेत उभी असले तरी टाचा वरखाली करत राहते. लोक बघतात. बघू देत.

आराम करताना अंगातलं जवळपास दोन-तृतीयांश रक्त शिरांतच असतं. ही आपली टाकी. आणि हृदयाचा स्वभाव असा की जितकं येईल तितकंच ते फेकतं. जास्त आलं तर भिंती जास्त ताणतात आणि जास्त जोरानं आवळतात. कमी आलं तर फेकणारही कमीच. पोहरा आडावर अवलंबून.

मागच्या मे महिन्यात दुपारी बारा वाजता सीताबर्डीवर बँकेच्या रांगेत मी हे सगळं अंगावर अनुभवलं. बाहेर पंचेचाळीस डिग्री. डोळ्यांसमोर अंधारी आली, कानात शिट्टी, कपाळावर गार घाम, आणि मी खाली बसले. हृदयाला झालं काय, असं सगळ्यांना वाटलं. हृदय ठणठणीत होतं, टाकी उतरली होती. अंग थंड ठेवायला कातडीतल्या वाहिन्या सताड उघडतात. कडक उन्हात एकट्या कातडीकडेच मिनिटाला ६ ते ८ लिटर रक्त वळू शकतं. एरवी सगळ्या शरीराला ५ लिटर पुरतं, हे लक्षात घ्या. त्यात घामावाटे पाणी गेलेलं, तासाला लिटरभरसुद्धा जाऊ शकतं. त्यात उभं राहिल्यावर अर्धा लिटर रक्त पायांत उतरलेलं. परत यायला उरलं किती? हृदय ठोके वाढवून भरपाई करू बघतं, पण आडातच नाही. सगळ्यात वर असलेल्या मेंदूला आधी झळ लागते आणि माणूस कोसळतो. कोसळला की मेंदू आणि हृदय एका पातळीवर येतात, रक्त पोचतं आणि शुद्ध येते. म्हणून अशा माणसाला उचलून खुर्चीत बसवू नये. आडवंच ठेवावं, पाय थोडे उंच करावेत, सावली आणि वारा द्यावा, पूर्ण शुद्धीवर आल्यावर ओआरएस नाही तर मीठ-साखर घातलेलं पन्हं. खिशातल्या कांद्याबद्दल मी काही बोलणार नाही, माझे सासरे आयुष्यभर ठेवायचे. पण खिशात कांदा आणि पोटात पाणी नाही, असं करू नये. अंग तापलेलं असेल आणि माणूस असंबद्ध बोलत असेल तर प्रकरण वेगळं. तो उष्माघात. अंगावर पाणी ओतत, वारा घालत दवाखाना गाठायचा.

बीपीच्या आणि लघवी जास्त होणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाळा लागला की डॉक्टरांना एकदा विचारावं. आपल्या मनानं गोळी बंद करू नये, तेही तितकंच धोक्याचं.

बीपीचं थोडक्यात. वरचा आकडा जवनिका आवळते तेव्हाच्या दाबाचा, खालचा ती सैल पडते तेव्हाचा. सैल पडल्यावर दाब शून्यावर का येत नाही? रोहिण्यांच्या भिंती रबरासारख्या ताणतात आणि मग हळूहळू आखडत रक्त पुढे सरकवत राहतात. वय वाढलं, भिंती कडक झाल्या की वरचा आकडा चढतो. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्यानं घोडीच्या मांडीतल्या रोहिणीला काचेची उंच नळी जोडली तेव्हा रक्त नळीत ८ फूट ३ इंच चढलं, असं त्यानं १७३३ साली लिहून ठेवलंय. आपल्या १२० च्या दाबाला नळी लावली तर रक्त पाच फुटांपर्यंत चढेल. दुखत नाही, खुपत नाही, आणि भिंती झिजत राहतात. म्हणून मोजायचं. मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं, जिना चढून आल्या आल्या हात पुढे करायचा नाही.

आणि ब्लॉकेज. तर्री-पोह्यांवरची तर्री थेट नसांत जाऊन थिजते, असं बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर चित्र असतं. कूलरच्या पंपात क्षार धरतात तसं. इथे मात्र कूलर उपयोगाचा नाही. क्षार नळीच्या आतल्या पृष्ठभागावर बसतात, कोलेस्टेरॉलचा गठ्ठा भिंतीच्या आत, अस्तराखाली वाढतो. वर्षानुवर्षं. तंबाखू, साखर, बीपी हे अस्तर खराब करतात. एक दिवस अस्तर फाटतं, शरीराला वाटतं जखम झाली, रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत नळी बंद. काल ठणठणीत होता, असं लोक म्हणतात ते यामुळे.

आमच्या ओळीतल्या एका काकांनी छातीवर दाब, दरदरून घाम आणि डाव्या हाताला कळ असताना गॅस समजून दोन ग्लास सोडा प्यायला आणि तीन तास घालवले. वाचले, पण हृदयाचा तेवढा तुकडा गेला. स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. शंका आली की १०८, सोडा नंतर.

झटका म्हणजे नळी बंद. हृदय थांबणं त्याहून वेगळं, तिथे विजेचा गोंधळ होऊन पंपच ठप्प होतो. माणूस पडतो, प्रतिसाद देत नाही, श्वास नीट चालत नाही. अशा वेळी छाती दाबायची, मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये हे शिकवायला एक नर्सताई आल्या होत्या. पहिल्या पुढे सरसावल्या तळमजल्यावरच्या काकू, वय सत्तरीच्या आसपास. रबरी पुतळ्याच्या छातीवर त्यांनी असा जोर लावला की कणीक तिंबतायत असं वाटावं. पण दाबल्यावर हात उचलेनात, तसंच भार टाकून पुढचं दाबायच्या. नर्सताईंनी त्यांचे खांदे धरून मागे ओढले.

"काकू, दाबलं का पूरं सोडा."

"काहून? जोर कमी नाही का होत?"

"छाती वर येईन तवाच ते आतून भरन ना. भरलंच नाही तं दाबून काय निंगन?"

काकूंनी पदर खोचला आणि एकपासून पुन्हा मोजायला सुरुवात केली.